कुंकवाची हळद

पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचं कालवण सांडलं की घरातली बाई सवयीने त्यावर साबण घासते. घासल्याबरोबर पिवळा डाग लालभडक होतो. लहान पोराला वाटतं, रक्तच निघालं. पण पाण्यात दोनदा खळबळून काढलं की लाल गेला, पिवळा पुन्हा हजर. हळदीला चुना लावून कुंकू करतात ती हीच किमया. साबणातला खार काय आणि चुन्यातला खार काय, हळदीला दोन्ही लाल करतात. लाल करणं सोपं असतं. कुंकू करणाऱ्यांचं कसब तो लाल टिकवण्यात असतं.

इथे ज्या प्रकरणाचा इतिहास सांगायचा आहे त्यात हळद कुठेच नाही. शिसं आहे, आयोडीन आहे, सीझियम नावाचा मेणासारखा मऊ धातू आहे. पण गोष्ट सदऱ्याचीच: लाल झालं, धुतलं, पिवळं पडलं. न बिघडवता धुवायचं कसं, हे ज्या शोधनिबंधाने दाखवलं त्यावरचं पहिलं नाव पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचं आहे.

आधी जरा किन्हीराजाला जाऊ. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. हमरस्त्यावरचं गाव, भोवती सोयाबीन आणि तुरीची रानं. रात्री रस्त्याच्या कडेला उभं राहून लाल रंग मोजत बसलं तर चार तरी हाती लागतात. पुढे गेलेल्या ट्रकचा मागचा दिवा. दुकानाच्या कपाळावर अक्षरं सरकवणारी पाटी. हातातला मोबाइल. आणि एखाद्या घराच्या उघड्या दारातून दिसणारा टीव्ही. डोळ्याला चारही सारखेच लाल, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. ट्रकचा दिवा एलईडीचा असेल तर तो आणि सरकती पाटी एका घराण्यातले. त्यांच्यातला प्रकाश गॅलियम धातूच्या संयुगांतून निघतो. मोबाइलचा पडदा ओएलईडी जातीचा असेल तर त्याच्या लाल ठिपक्यांत इरिडियम हा दुर्मीळ धातू असतो. टीव्हीच्या मागे बहुधा निळे दिवे असतात आणि त्या निळ्यातला काही भाग एखादी भुकटी लाल करून देते.

या कुळांपैकी सर्वांत धाकटं, म्हणजे चौथं, अजून गावात पोचलेलं नाही.

लाल रंगाने पडद्यावाल्यांना आधीही छळलं आहे. अमेरिकेत रंगीत टीव्ही १९५४ साली विक्रीला आला तेव्हा त्याच्या काचेवर तीन भुकट्यांचे ठिपके होते, लाल, हिरवा आणि निळा. त्यातली लाल भुकटी दुबळी होती. तिघांचा मेळ बसला नाही तर माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. म्हणून उरलेल्या दोन रंगांनाही मुद्दाम मंद ठेवावं लागे. एक बैल अडखळत असेल तर दुसऱ्याला मागे ओढावं लागतं, तसं. १९६४ मध्ये अल्बर्ट लेव्हिन आणि फ्रँक पलिला यांनी इट्रियम व्हॅनाडेटमध्ये युरोपियम घालून नवा लाल आणला. त्याबरोबर हिरव्या-निळ्याचाही लगाम सुटला आणि पडदा उजळला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते काळ्या-पांढऱ्या चित्रांचं. आपल्याकडे रंग आले १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या निमित्ताने. तोवर लालचा प्रश्न मिटलेला होता, म्हणून तो कधी होता हे आपल्याला कळलंच नाही.

एलईडीच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. डोळ्याला दिसणारा पहिला कामाचा एलईडी लालच होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी तो १९६२ साली पेटवला. चांगल्या निळ्यासाठी मात्र जगाला तीस वर्षं थांबावं लागलं, आणि तो देणाऱ्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यामुळे लाल म्हणजे सोपा रंग, अशी एक समजूत पक्की झाली. ती समजूत पुढे एका नव्या पदार्थाने मोडली.

तो पदार्थ पेरोव्हस्काइट. हे एका पदार्थाचं नाव नाही, एका घडणीचं आहे. १८३९ साली उरल पर्वतातून आलेला एक खडा बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझ यांनी तपासला. त्यात कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन होते. रशियन मंत्री आणि खनिजांचे शौकीन लेव्ह पेरोव्स्की यांचं नाव त्याला दिलं गेलं. मंत्रिमहोदयांचा याहून जास्त संबंध नाही. पुढे कळलं की अणूंची हीच मांडणी शेकडो संयुगांत असते: आठ कोपऱ्यांचा एक पिंजरा आणि पिंजऱ्याच्या पोटात बसलेला एक मोठा अणू. ही घडण दुर्मीळ तर मुळीच नाही. किन्हीराजाच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. त्याही खाली सरळ उतरत गेलं, तर सुमारे ६६० किलोमीटरनंतर जो थर लागतो तो मुख्यतः याच घडणीच्या खनिजाचा आहे. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं ते खनिज. २०१४ मध्ये त्याला ब्रिजमनाइट हे नाव मिळालं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं खनिज तेच.

प्रकाश देणारे पेरोव्हस्काइट वेगळे. त्यांच्या पिंजऱ्याच्या सांध्यांवर शिसं, दांड्यांच्या जागी हॅलाइड, म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन, आणि पोटात सीझियम. ही संयुगं १८९३ सालीच होरेस वेल्स यांनी अमेरिकेत बनवली होती. त्यांची घडण पेरोव्हस्काइटची आहे हे कोपनहेगनच्या ख्रिश्चन म्योलर यांनी १९५८ मध्ये दाखवलं. त्यानंतर अर्धशतक ती बहुतांशी कपाटातच राहिली. २००९ साली जपानच्या त्सुतोमु मियासाका यांनी याच कुटुंबातला एक पदार्थ सौर घटात वापरला. कार्यक्षमता ३.८ टक्के, म्हणजे टाळ्या वाजवण्यासारखी नव्हे. पण लोकांचे डोळे तिकडे वळले. आणि जो पदार्थ प्रकाशाची वीज चांगली करतो तो विजेचा प्रकाशही चांगला करू शकतो, हे या धंद्यातलं जुनं शहाणपण आहे. २०१४ मध्ये केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने साध्या खोलीच्या तापमानाला पेरोव्हस्काइटचे दिवे पेटवून दाखवले. शंभर इलेक्ट्रॉन आत सोडले तर बाहेर एकही प्रकाशकण धड येत नव्हता. अवरक्त दिव्यात ०.७६, हिरव्यात ०.१. सुरुवात अशीच असते.

खरी गती आली ती सूक्ष्म स्फटिकांमुळे. २०१५ च्या सुरुवातीला झुरिकच्या ईटीएचमधून लोरेडाना प्रोटेसेस्कू आणि माक्सिम कोवालेन्को यांच्या गटाने सीझियम-शिसं-हॅलाइडचे ४ ते १५ नॅनोमीटरचे चौकोनी कण जाहीर केले. करण्याची पद्धत एखाद्या आचाऱ्याला पटेल अशी. तेलकट द्रव १४० ते २०० अंशांवर तापवायचा, त्यात शिशाचं मीठ विरघळवायचं, सीझियमचं द्रावण झटकन ओतायचं आणि काही सेकंदांत भांडं गार पाण्यात बुडवायचं. फोडणी करपायच्या आत गॅस बंद करावा, इतकीच सवड. क्लोरीनने निळा, ब्रोमीनने हिरवा, आयोडीनने लाल. रंग इतके नितळ की रसायनशास्त्रज्ञ हरखून गेले.

याच कामावर पुण्यातही भांडी तापत होती, आणि तो काही निव्वळ योगायोग नव्हता. पुण्याला सूक्ष्म कणांची परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी नॅनो हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्याच्या कितीतरी आधी झिंक सल्फाइडचे चमकणारे कण बनवले होते. २००६ मध्ये पाषाणला आयसर ही संस्था सुरू झाली. तिथे अंग्शुमन नाग यांनी आपला गट उभा केला. नाग आधी शिकागोत दिमित्री तालापिन यांच्याकडे होते, आणि त्याच प्रयोगशाळेत कोवालेन्कोही होते. २०११ च्या एका निबंधावर दोघांची नावं शेजारी-शेजारी आहेत. एका घरात शिकलेले दोघे, एक झुरिकला गेला, एक पुण्याला आला, आणि चार वर्षांनी दोघांच्या हातात एकच पदार्थ होता.

पुण्याच्या गटाचा निबंध २०१५ मध्येच जर्मनीच्या ‘अँगेवांडते केमी’त आला. पहिलं नाव अभिषेक स्वर्णकार या विद्यार्थ्याचं. सोबत पवईच्या आयआयटीतले अरिंदम चौधरी यांचा गट, कारण एकटा कण पाहण्याची विद्या त्यांच्याकडे होती. जुन्या जातीचे चमकणारे कण, म्हणजे कॅडमियम सेलेनाइडचे, एकेकटे पाहिले तर काजव्यासारखे मिचमिचतात. मध्येच विझतात, मध्येच पेटतात. पुण्याचे ब्रोमीनवाले हिरवे कण पवईच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा त्यांतले सुमारे ९० टक्के कण बहुतेक वेळ पेटलेलेच राहिले. गिळलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के ते परत देत होते. आणि मला यातलं सर्वांत कौतुकाचं वाटतं ते वेगळंच: दर वेळी नवा घाणा काढला तरी रंगाची तरंगलांबी एका नॅनोमीटरच्या आत तीच. दर खेपेला पुरणपोळी तशीच होते म्हणणारी सुगरण किती दुर्मीळ, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याची किंमत कळेल.

हिरवा असा वश झाला. लाल झाला नाही.

अडचण आयोडीनची होती. आयोडीनचा अणू मोठा, त्यामुळे पिंजरा मोठा. सीझियम आवर्तसारणीतल्या धडधाकट अणूंपैकी एक, तरीही या पिंजऱ्यात तो सैल पडतो. कोणता अणू कोणत्या पिंजऱ्यात बसेल याचा हिशेब व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ सालीच मांडून ठेवला होता, आणि त्या हिशेबात सीझियम-शिसं-आयोडीन अगदी काठावर उभं राहतं. तीनशे अंशांच्या वर तापवलं तर सीझियम थरथरून जागा भरतो, पिंजरा ताठ उभा राहतो, पदार्थ काळपट दिसतो आणि लाल प्रकाश देतो. निवला की पिंजरा कोसळतो, अणू वेगळ्याच रांगेत बसतात आणि उरते पिवळी भुकटी. ती दिव्याच्या काही उपयोगाची नाही. ओलावा लागला तर हे आणखी लवकर होतं. कुंकवाची हळद होते ती अशी.

सूक्ष्म कणांत मात्र हा पिंजरा खोलीच्या तापमानालाही उभा राहतो, हे झुरिकलाच दिसलं होतं. का, हे समजायला जरा गणित करू. या पिंजऱ्याचं एक घर सुमारे ०.६२ नॅनोमीटरचं. १० नॅनोमीटरच्या चौकोनी कणाच्या एका बाजूला अशी सोळा घरं मावतात. म्हणजे पूर्ण कणात सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६ घरं. त्यातली आतली, ज्यांची एकही भिंत बाहेर उघडी नाही अशी, २७४४. बाकीची १३५२ वेशीवरची. तीन घरांतलं एक घर गावकुसाला लागलेलं असेल तर त्या गावाचा कारभार वेशीवरून चालणार, गावाच्या मध्यातून नाही. या कणांचंही तसंच आहे. पृष्ठभागाचा ताण आणि पृष्ठभागाला चिकटलेले रेणू मिळून पिंजऱ्याला ताठ धरून ठेवतात.

पण मग वेशीवर कोण बसलं आहे यावर सगळं आलं. कण ज्या तेलकट द्रवात शिजवतात त्यात ओलेइक आम्ल असतं. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं तेच. शिवाय त्याचा नायट्रोजनवाला भाऊ, ओलेइलअमाइन. हे दोन्ही कणाच्या अंगाला चिकटून राहतात, आणि ते नसतील तर कण एकमेकांत मिसळून गोळा होतील. मात्र दिवा करायचा तर याच तेलाचा जाच होतो. तेल वीज नेत नाही. तुपाने माखलेल्या हाताने बॅटरीच्या तारा जोडण्यासारखं ते होतं. म्हणजे जास्तीचं तेल काढायला हवं, पण अंगालगतचं राहायला हवं. भांड्याला साबण लावताना कल्हई निघू नये, हा जुना पेच.

रसायनशास्त्रज्ञांच्या घरात धुण्याचे नेहमीचे द्रव ठरलेले असतात. एसीटोन, अल्कोहोल. हे द्रव पाण्याच्या अंगाचे, म्हणजे ध्रुवीय. ब्रोमीनचा हिरवा कण त्यांचे चार हात सोसतो. आयोडीनच्या कणावर घातले की तेलाबरोबर वेशीवरचे अणूही निघतात, आणि पिवळं पडतं. न धुवावं तर वीज जात नाही, धुवावं तर रंग जातो.

स्वर्णकार पुण्याहून अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी गेले. तिथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत जोसेफ ल्युथर यांचा गट होता. त्या गटाने आयोडीनच्या कणांसाठी जो द्रव वापरला तो मिथाइल एसीटेट. नावाने बुजायचं कारण नाही. गोंद आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवांच्या जातीतला, फळासारख्या वासाचा, पटकन उडून जाणारा. एसीटोन-अल्कोहोलच्या मानाने गरीब स्वभावाचा. त्याने जास्तीचं तेल आणि न वापरलेलं शिशाचं मीठ निघून गेलं, कण एकमेकांना चिकटले नाहीत आणि रंग राहिला. मग या कणांचा पातळ थर काचेवर फिरवून पसरायचा, शिशाचं मीठ घातलेल्या मिथाइल एसीटेटमध्ये बुडवायचा, पुन्हा थर, पुन्हा बुडवणं. भिंतीला हात देतात तसे तीन-चार हात.

साधे थर उघड्या हवेत महिनोन् महिने तसेच राहिले. ज्या संयुगाची ठोकळ्यातली भुकटी निवताच पिवळी पडत असे, त्याच संयुगाची ही गोष्ट. ७ ऑक्टोबर २०१६ च्या ‘सायन्स’च्या अंकात हा निबंध आला, पहिलं नाव पुन्हा स्वर्णकार यांचं, पत्त्यांत पुण्याची आयसरही. कणांचे आकार ३.४ ते १२.५ नॅनोमीटर, शिजवण्याचं तापमान ६० ते १८५ अंश, जितकं जास्त तितका कण मोठा. सौर घट म्हणून कार्यक्षमता १०.७७ टक्के आणि दाब १.२३ व्होल्ट. निबंधाचं शीर्षक सौर घटाचं होतं आणि जगाने तो सौर घटाचा म्हणूनच वाचला. सारांशाच्या शेवटच्या ओळीत मात्र नोंद होती की हीच रचना उलटी चालवली तर थोड्या दाबावर पेटणारा आणि रंग बदलता येणारा दिवाही होते. माझ्या मते लाल पडद्याच्या इतिहासात त्या निबंधाचं वजन याच ओळीत आहे.

यात एक गंमत पुढे निघाली. मिथाइल एसीटेट एकटं हे काम करत नव्हतं. २०१८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलं की हवेतल्या किंचित ओलाव्याने मिथाइल एसीटेट थोडं फुटतं, त्यातून विनेगरमधलं आम्ल तयार होतं, आणि तेच अंगालगतच्या तेलकट रेणूंची जागा घेतं. ज्या ओलाव्याला सगळे वैरी समजत होते, त्याचा एक घोट औषधासारखा लागत होता. कोलोरॅडोची हवा कोरडी. पुण्याच्या श्रावणात हाच प्रयोग केला तर हात वेगळा बसवावा लागेल, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? पापड वाळवणारी कोणीही बाई सांगेल.

लाल टिकला खरा, पण पडद्यावाल्यांचं समाधान झालं नाही. त्यांना लाल नव्हे, विशिष्ट लाल हवा होता. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पुढच्या पिढीच्या टीव्हीसाठी रंगांचं माप ठरवलं, त्यात लालची जागा ६३० नॅनोमीटर तरंगलांबीला आहे. आयोडीनचा मोठा कण ६९० च्या आसपास प्रकाश देतो. साठचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. डोळ्याला तो किरकोळ नाही. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त ओळखतो, आणि लालच्या टोकाकडे जाताना आंधळा होत जातो. ६९० चा प्रकाश ६३० च्या मानाने आपल्याला सुमारे तिसाव्या हिश्शाने जाणवतो. म्हणजे त्या लालचा पडदा केला तर वीज तीसपट जाळावी लागेल.

६३० कडे यायच्या दोन वाटा. पहिली, आयोडीनमध्ये थोडं ब्रोमीन मिसळायचं. लाल आणि हिरव्याच्या मधला रंग मिळतो. स्टॅनफर्डच्या एरिक होक यांनी २०१५ मध्येच या वाटेवरचा खड्डा दाखवून ठेवला होता: अशा मिश्रणावर प्रकाश टाकला की आयोडीन आणि ब्रोमीन वेगळे होतात. दिव्यात वीज सोडली तरी तेच. सुपात ज्वारी आणि तूर एकत्र पाखडत बसलं की दोन्ही आपोआप वेगळ्या कडेला जातात, तसं. मग रंग हळूहळू गडद लालकडे सरकतो, आणि पडदा संध्याकाळी एक लाल दाखवतो, रात्री दुसरा. दुसरी वाट, निव्वळ आयोडीनचाच पण फार लहान कण घ्यायचा. कण लहान झाला की त्यातला इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि प्रकाश केशरीकडे सरकतो. सूक्ष्म कणांच्या या गुणाचा शोध आणि विकास केल्याबद्दल २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. पण कण लहान म्हणजे वेशीवरची घरं आणखी जास्त. धुण्याचा पेच आणखी बिकट.

२०१८ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठात ताकायुकी चिबा आणि जुंजी किडो यांच्या गटाने एक युक्ती केली. आधी आज्ञाधारक हिरवा कण बनवला. मग तयार कणाला आयोडीनच्या क्षारात ठेवून आतलं ब्रोमीन बदलून घेतलं. घर तसंच ठेवून कुळं बदलली. त्या दिव्यात शंभर इलेक्ट्रॉनांमागे २१.३ प्रकाशकण बाहेर आले, रंग ६५३ नॅनोमीटर. केंब्रिजच्या पहिल्या दिव्यांना चारच वर्षं झाली होती. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटातून यासर हसन आणि सहकाऱ्यांनी ६२० चा लाल २०.३ टक्क्यांवर आणला आणि तो सरकायचा थांबवला. त्यांनी कण धुतले ते ईडीटीए आणि ग्लुटाथायोनने. ईडीटीए आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रक्त तपासायला देतो तेव्हा जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून तेच असतं. धातूच्या अणूला खेकड्यासारखं चिमट्यात धरणं हा त्याचा धर्म. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णालाही त्याचंच औषध देतात. इथे त्याने वेशीवरचे सैल शिशाचे अणू उचलले. ते गेले तशी फाळणीही थांबली, कारण आयोडीन-ब्रोमीनची पळापळ त्याच सैल जागांतून सुरू होत होती.

दरम्यान पुण्यात काम चालूच होतं. वेशीवर तेलकट रेणू नेमके कुठे आणि कसे बसतात, याचा २०१७ चा निबंध पुण्याचा आहे. त्यात दिसलं की ओलेइलअमाइनचा रेणू पृष्ठभागावरच्या सीझियमची खुर्ची बळकावून बसतो. २०२० मध्ये त्याच गटाने ब्रोमीनच्या कणावर झिंक सल्फाइडचं कवच चढवून त्याला पाण्यात तग धरायला लावलं. झिंक सल्फाइड, म्हणजे सुलभाताईंच्या काळापासून पुण्याच्या ओळखीचा पदार्थ. कौतुकाची जाहिरातबाजी पुणेकरांनी फारशी केली नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं. एरवी तशी त्यांची ख्याती नाही.

आता हिशेब. कार्यक्षमतेचा प्रश्न जवळपास सुटला आहे. सपाट दिव्यातला बराच प्रकाश काचेतच अडकतो, त्यामुळे २०-२५ टक्के हा आकडा ओएलईडीच्या पंक्तीला बसणारा आहे. आयुष्याचा प्रश्न सुटलेला नाही. चांगल्या लाल पेरोव्हस्काइट दिव्यांची आयुष्यं सुरुवातीला मिनिटांत मोजली जात होती, मग तासांत. पडद्याला हजारो तास लागतात. शिवाय शिसं आहेच. युरोपच्या नियमांत उपकरणातल्या कोणत्याही एकसंध पदार्थात वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही. आपल्या ई-कचरा नियमांतही मर्यादा तीच आहे. कणांचा थर अत्यंत पातळ असतो, एका पडद्यात शिसं चिमूटभरही नसतं, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात. ते खरं आहे. पण फुटलेले मोबाइल आणि टीव्ही शेवटी कुठे जाळले जातात, हे गावाच्या उकिरड्यावर उभं राहून पाहिलेल्या माणसाला तेवढ्याने चैन पडणार नाही.

पेरोव्हस्काइटच्या कणांना थेट वीज देऊन लाल दाखवणारा पडदा आजही दुकानात मिळत नाही. किन्हीराजाच्या हमरस्त्यावरची सरकती पाटी रात्रभर जळते ती गॅलियमवर, होलोन्याक यांनी १९६२ साली पेटवलेल्या दिव्याच्याच घराण्यावर.